पाठराखीण

लावणी आली की माझा वर्ग अर्धा होतो. महाडच्या या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायला लागल्यापासून हा तिसरा पावसाळा. जून संपेपर्यंत बाकं भरलेली असतात आणि मग एका सोमवारी बघावं तर पोरी गायब. अर्जांत सगळ्यांना एकदम ताप आलेला असतो. एकीलाच मेलीला खोटं बोलता येत नाही. वरंधची आहे. दोन आठवड्यांपूर्वी दारात उभी राहून सरळ म्हणाली, "मॅडम, पुढचे आठ दिवस मी नाय. लावणी हाय." मी मान डोलावली, तर जाता जाता वळून विचारते, "तुमच्याकडं नाय का हो लावणी?"

"आहे की," म्हटलं. "नसायला काय झालं?"

उरलेल्या बारा जणांना त्या दिवशी पेशीचं केंद्रक शिकवायचं होतं. फळ्यावर एक मोठं वर्तुळ काढलं, त्याच्या पोटात लहान वर्तुळ. लहान वर्तुळ म्हणजे केंद्रक. रोपानं वाढायचं की थांबायचं, फुलायचं की तग धरून बसायचं, हे सगळे हुकूम त्याच्या आत लिहिलेले. भिंतीला दारं आहेत, पण दारांतून वाटेल त्याला प्रवेश नाही. बारीकसारीक रेणू आपले आपण ये-जा करतात. मोठ्या प्रथिनांना मात्र हाताला धरून आत नेणारं कुणीतरी लागतं. ते नेणारं प्रथिन पाहुण्याला आत सोडतं आणि रिकाम्या हातानं बाहेर येतं, पुढच्यासाठी. पुस्तकात याला केंद्रकीय वाहतूक ग्राही म्हणतात. हे तीन शब्द लागोपाठ उच्चारले की पोरं जांभया द्यायला लागतात, आणि त्यांचं काही चुकत नाही.

माझ्याकडे याला एक चोख मराठी शब्द आहे. तो मी वर्गात कधी वापरत नाही. तो शब्द आईचा आहे आणि त्यानं माझी तीन वर्षं खाल्ली. शब्दानं खाल्ली म्हणणं सोपं जातं म्हणून तसं म्हणते. खरं काय ते पुढे येईलच.

आई पोलादपूरच्या वर, उमरठच्या पलीकडे आमच्या वाडीत असते. वडील गेल्यापासून एकटी. भाऊ मुंबईला, गणपतीत येतो, पाच दिवस पंख्याखाली झोपतो आणि जातो. वरच्या अंगाला आमची चार खाचरं, आणि एक खाली, ओढ्याला लागून. हा ओढा पुढे सावित्रीला मिळतो. पावसात नदी फुगली की त्याचं पाणी उलटं फिरतं आणि ते खालचं खाचर आठ-आठ दिवस दिसेनासं होतं. दुसरं कुठलंही भात तिथं कुजून जातं. आमच्या घरात एक भात होतं, त्याला आम्ही बुडरं म्हणायचो. आठव्या दिवशी पाणी ओसरलं की चिखलानं माखलेली पाती आडवी पडलेली असायची, मेल्यासारखी. चार दिवसांनी त्यातूनच हिरवा कोंब वर यायचा. टरफल नेहमीसारखं पिवळट, आतला तांदूळ मात्र तांबडा. भात चवीला जाडंभरडं, पण पेज अशी की नुसत्या वासानं भूक लागावी. वाडीत बाकी सगळ्यांनी कधीच सोडून दिलं होतं. आईनं सोडलं नव्हतं, कारण ते खाचर तिच्या वाट्याला आलं होतं आणि तिथं दुसरं काही येत नव्हतं.

पुण्याला पीएचडीला प्रवेश मिळाला तेव्हा मला विषय शोधायला लागलाच नाही. तो आमच्या ओढ्यात बुडून बसला होता. पाण्याखाली गेलेल्या रोपात 'आता वाढू नकोस, गप बस' ही खबर घेऊन एक प्रथिन केंद्रकाच्या दाराशी येतं. त्याला आत नेणारे वाहक तिथं पुरेसे हजर असले तर रोप वाचतं. माझा अंदाज असा, की बुडरं पहिल्या सहा तासांतच हे वाहक भराभर तयार करत असणार. म्हणजे वाहकांची जनुकं त्या सहा तासांत किती व्यक्त होतात ते मोजायचं. शास्त्राच्या मराठीत याला जनुकाची अभिव्यक्ती म्हणतात. आमच्या घरात बियाणं सोडलं तर कुणालाच अभिव्यक्ती जमलेली नाही.

त्या मे महिन्यात मी आईकडे बी मागितलं. "बुडरं दे थोडं, पुण्याला न्यायचंय." कशाला, ते सांगितलं नाही. तिनंही विचारलं नाही. कणगीतून मुठी भरून पुरचुंडी बांधली, कपाळाला लावली आणि माझ्या पिशवीत ठेवली. मी तेव्हा फोनवर खोलीच्या भाड्याचं बोलत होते. तिच्या हातांकडे माझं लक्ष नव्हतं.

पुढचं सगळं मी अगदी नीट केलं, म्हणजे मला तसं वाटत होतं. ट्यूबलाइटच्या उजेडात रोपं वाढवायची, चौदाव्या दिवशी टाकीत बुडवायची, दर दोन तासांनी पाच रोपं काढायची, द्रव नायट्रोजनमध्ये गोठवून खलात कुटायची. त्या धुरकट थंडीत बोटं बधिर व्हायची. मग त्यातून आरएनए काढायचा आणि यंत्राला विचारायचं, की बाबा, वाहकाचं जनुक किती बोललं? यंत्र एकदा म्हणायचं, चौपट. तेच परत केलं तर म्हणायचं, जेमतेम दीडपट. तिसऱ्यांदा काहीच नाही. आलेखावरचे खांब बरे दिसायचे, पण प्रत्येक खांबाच्या डोक्यावर, आकडा किती हलतो ते सांगणारी रेघ एवढी लांब, की खांबाला अर्थच राहायचा नाही. मी रसायनं बदलली. पाणी बदललं. खल आम्लात धुतला. दोन वर्षं मी स्वतःच्या हातांवर संशय घेतला.

आमचे सर फार वरच्या आवाजात बोलत नसत. तेच जास्त लागायचं. "आकडे असे नाचत नाहीत," ते म्हणायचे, "तुझे हात नाचतायत." तिसऱ्या वर्षी एकदा सगळ्यांसमोर म्हणाले, "तुला हवे ते आकडे ठेवून बाकीचे टाकतेस, असं तर नाही ना?" त्या दिवशी मी दुपारचा डबा उघडला नाही. संतापानं नाही, लाजेनं. कारण टाकले नव्हते, पण टाकावेसे वाटले होते.

मधल्या एका सुट्टीची गोष्ट. परत निघाले होते, आई पोचवायला पोलादपूरच्या स्टँडपर्यंत आली होती. गाडीला उशीर होता. बाकावर बसून तिनं पहिल्यांदाच विचारलं, "तू करतेस तरी काय गो तिथं?" मला काय हौस आली कोण जाणे, मी शेंगांच्या पुडीचा कागद उलटा करून त्यावर दोन वर्तुळं काढली. हे माजघर, हे दार. हा पाहुणा, याला एकट्याला आत जाता येत नाही. ही बघ, ही याच्याबरोबर दारातून आत जाते, त्याला सोडते आणि परत माघारी येते. आई कागदाकडे बघत राहिली आणि मग हसली. "म्हणजे पाठराखीण!"

मी थक्कच झाले. नवी नवरी सासरी जाताना तिच्यासोबत माहेरची एक बाई जाते, उंबरा ओलांडून देते, दोन दिवस राहते आणि परत येते, ती पाठराखीण. अख्ख्या जगातल्या प्राध्यापकांना हा शब्द सुचला नव्हता. मी वही काढून तिथल्या तिथे लिहून ठेवला. तेवढ्यात गाडी लागली, माणसं धावली, मीही उठले. आई खिडकीखाली येऊन म्हणाली, "आपण बियाला देतो तशीच ना गो?"

"हो हो, तशीच," म्हटलं आणि पिशवी वर फळीवर सरकवली. गाडी सुटली.

तिनं सांगितलं होतं. दारापर्यंत येऊन, अगदी सोप्या शब्दांत सांगितलं होतं. ते आत न्यायला माझ्याकडे त्या दिवशी कुणी हजर नव्हतं.

उलगडा केला तो माळीकाकांनी. आम्ही उरलेली रोपं कचऱ्यात टाकायचो, हे त्यांच्या जिवावर यायचं. "हिरवं कसं टाकवतं तुम्हाला?" असं पुटपुटत त्यांनी फेब्रुवारीत माझी दहाबारा रोपं काचघराच्या मागे दोन फुटक्या बादल्यांत लावली आणि नळाचं पाणी घालून जगवली. जूनमध्ये मला हाक मारून म्हणाले, "ताई, तुमचं भात दोन जातीचं आहे काय हो? ही आधी निसवली, आता पिकली. ही बघा, अजून हिरवीच." मी गेले. पिकल्या रोपाचा एक दाणा नखानं सोलला. तांबडा. शेजारच्या हिरव्या रोपाचा सोलला. पांढरा.

 शेतकऱ्याची मुलगी मी. आई बी हातात घेतल्यावर पहिल्यांदा एक दाणा दातानं सोलून बघते. तीन वर्षांत मी एक दाणा सोलला नव्हता. ओंबी धरेपर्यंत रोप जगूही दिलं नव्हतं. चौदाव्या दिवशी बुडवायचं आणि कुटायचं. पाच रोपांत कधी एक पांढऱ्याचं यायचं, कधी तीन, कधी एकही नाही, आणि यंत्र बिचारं खरं तेच सांगत होतं. सरांना दाखवलं. ते म्हणाले, "बी शुद्ध आहे की नाही, हे पहिल्या दिवशी बघायचं असतं."  नव्यानं सुरुवात करायला मुदत हवी होती. ती त्यांनी दिली नाही. मी त्यांच्या जागी असते तर मीही दिली नसती, हे आता म्हणता येतं. तेव्हा मात्र मला कुणाला तरी फाडून खायचं होतं.

तर त्याच वर्षीची लावणी. जुलैचा दुसरा आठवडा असेल. मी गाडीतून उतरले ती घरी न जाता तडक ओढ्याकडच्या खाचरावर गेले. वाडीतल्या पाच-सहा बायका ओळीनं वाकलेल्या, पाठीवर निळी मेणकापडं. चिखलाचा तो कोमट वास, गुडघ्यापर्यंत गढूळ पाणी, बांधावर रोपांच्या जुड्या. लहानपणी या वासानं मला वेड लागायचं. त्या दिवशी काही जाणवलं नाही. बांधावरूनच ओरडले, "आई, मला दिलेल्या बियात तू दुसरं भात मिसळलं होतंस?"

ती सरळ झाली. हातात रोपं तशीच. मला बघून आधी तोंडभर हसली. "अगो, कधी आलीस?"

"मिसळलं होतंस की नाही?"

"मिसळीन कशाला? पाठराखीण दिली व्हती. तीन मुठी बुडरं आन् एक मूठ जया, वरच्या खाचरातलं." मग जराशी गोंधळून, "घरातलं बी एकटं कसं धाडायचं गो? लेकीच्या हातनं धाडताना तर नायच. कोरं दिलं तर ते परत येत नाय घरात."

आणि मी तोंड सोडलं. काय काय बोलले ते सगळं इथं लिहवत नाही. एक वाक्य लिहिते, कारण ते विसरता येत नाही. "तुझ्या मूठभर अडाणीपणापायी माझी तीन वर्षं चिखलात गेली." बायका वाकल्या होत्या तशाच राहिल्या, कुणी मान वर केली नाही.  आई एवढंच म्हणाली, "सांगायचं व्हतंस, कोरं पायजे म्हणून." आणि परत वाकून लावायला लागली. तिची ओळ कधी वाकडी जात नाही. त्या दिवशी गेली.

सगळ्यात वाईट सांगू? मला ते माहीत होतं. मी आठ-नऊ वर्षांची असताना आईनं मला मामाबरोबर हिरकणीवाडीला मावशीकडे पाठवलं होतं, बी घेऊन. पुरचुंडी बांधताना तिनं वरून वेगळ्या भाताची मूठ टाकली आणि मी विचारलं, ही कशाला? "सोबतीला," ती म्हणाली. ते मला इतकं आवडलं होतं की अख्खी वाट मी पुरचुंडी छातीशी धरून बसले होते, आतल्या दोघी एकमेकींशी काय बोलत असतील याचा विचार करत. पुण्याला जाऊन मी हे विसरले. अडाणी कोण, ते तुम्हीच ठरवा.

त्याच दिवाळीपर्यंत मी पीएचडी सोडून महाडला तासिकेवर शिकवायला लागले होते. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी वाडीतल्या एका बाईच्या हातून आईनं डबा पाठवला. मला वाटलं करंज्या. उघडला तर राखेत घोळलेलं भात, जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधलेलं. ती बाई म्हणाली, "समदं बुडरं धाडलान हो तुझ्या आयेनं. एकेक लोंबी हातानं खुडलान. सांगितलान, कोरं हाय म्हणून सांग. एक दाणा दुसरा नाय." आणि मग, जरा दबकत, "घरात ठेवलान नाय. मूठ जरी मागं ठेवली तर पोरगी म्हणेल, परत काय तरी लपवलं."

मी काय करायला हवं होतं ते उघड आहे. त्याच दिवशी गाडी धरून वाडीत जायला हवं होतं, अर्धं बी परत करायला हवं होतं, पाया पडायला हवं होतं. मी डबा कपाटावर ठेवला. कशाला हवं होतं आता मला शुद्ध बी? प्रयोगशाळा नाही, यंत्र नाही, नाव नाही. आमच्या कॉलेजात तीन सूक्ष्मदर्शक आहेत, त्यातल्या एकाला भिंग नाही. त्या डब्याकडे बघितलं की मला सर आठवायचे, खांबांवरच्या त्या लांब रेघा आठवायच्या, आणि तिची ती वाकडी ओळ. म्हणून मी त्याच्याकडे बघायचंच बंद केलं. समोर वर्तमानपत्रांची रद्दी रचली. राग माझाच होता, स्वतःवरचा. पण तो ठेवायला तिचा डबा सापडला.

आई फोनवर विचारायची. पेरणीच्या दिवसांत हमखास. "उगावलं का गो?" मी म्हणायची, "चाललंय." तिला वाटायचं मी कॉलेजात प्रयोग करतेय. "घाई नाय. नीट कर," असं वर समजावायची. तिनं एकदाही त्या दिवसाचं नाव काढलं नाही. एकदा तरी काढायला हवं होतं. भांडली असती तर मी सुटले असते.

महाडची ओल तुम्हाला माहीत नसेल. जुलैत इथं चपलांना बुरशी येते, मीठ पाझरतं, भिंतीला पाठ टेकवली तर पोलकं ओलं होतं. अशा ओलीचे दोन अख्खे पावसाळे तो डबा कपाटावर होता. बियाणं काही दगड नव्हे. आत जीव असतो, तो बारीक बारीक श्वास घेत असतो, आणि दमट हवेत तो लवकर संपतो. हे मी दुसऱ्या वर्षाला शिकवते. परीक्षेत येतं.

वरंधच्या त्या पोरीनं विचारलं आणि मी "आहे की" म्हटलं, त्याच संध्याकाळी रद्दी बाजूला करून डबा काढला. राख ढेकळासारखी झाली होती. शंभर दाणे मोजून घेतले, एक दातानं सोलला. तांबडा. खरोखर एक दाणा दुसरा नव्हता. ओल्या फडक्यात गुंडाळून ताटलीत ठेवले. तिसऱ्या दिवशी उघडून बघितलं, मन म्हणालं, जुनं आहे, वेळ लागेल. पाचव्या दिवशी परत बघितलं. सातव्या दिवशी फडक्याला आंबूस वास आला. दाणे फुगलेले, मऊ, बोटानं दाबले की पांढरट पाणी. कोंब एकालाही नव्हता. मी उरलेला सगळा डबा भिजत घातला. बादलीभर पाण्यात हात घालून बसले होते, वेडीसारखी. चार दिवसांनी तेही आंबलं.

आणि काल आईचा फोन. पाऊस कोसळत होता तिच्याकडे, आवाज तुटत होता. "खालचं खाचर गेलं गो यंदा पण. नवव्या दिशी पानी उतरलं, समदं कुजलं. दुकानातलं बी, ते काय टिकतंय! तीन वर्सं झाली, तिथनं मूठभर आलं नाय." मग थांबली. मला तिचं ते थांबणं ओळखीचं आहे, मागायच्या आधीचं. "तुझं काम झालं असंल तर त्यातलं चार मुठी बुडरं धाडशील? पुढल्या साली करीन मी. ह्या साली आता लावणी झालीच."

मी रिकाम्या डब्याचं झाकण लावलं.

"उगावलं ना गो ते?"

"हो," मी म्हटलं. "उगवलं. छान उगवलं."

"मला ठावं व्हतं!" पावसातूनही तिचा आवाज एकदम मोकळा ऐकू आला. तीन वर्षांत इतका मोकळा ऐकला नव्हता. "कोरं धाडलं तवा जीव धुगधुगत व्हता माजा. म्हटलं, गेलं आता घरातनं. पन बग, येतंय ना परत!" आणि फोन ठेवता ठेवता, घाईनं, जरा भीत भीतच: "आन् हे बग, राग नको येऊ देऊस. पन येताना एकटं नको धाडू. एक मूठ दुसरं घाल सोबतीला. पाठराखीण."

सकाळी बाजारात जाऊन आले. बियाण्याच्या दुकानात जया आहे, रत्ना आहे, आणखी चार जाती आहेत, पोत्यांची थप्पी छताला लागलीय. पाठराखिणी हव्या तेवढ्या मिळतात. नवरी मी कपाटावर मारून टाकली.